बांधापलीकडची चव

फ्रान्सच्या पूर्व भागातल्या दिजों शहरातून दक्षिणेला निघालं की उजव्या हाताला एक बुटकी, लांबलचक टेकडी बराच वेळ सोबत करते. डावीकडे सोन नदीचं सपाट मैदान, टेकडीच्या माथ्यावर झाडी आणि मधल्या उतारावर द्राक्षाच्या वेली. साधारण पन्नास किलोमीटर लांबीचा हा उतार कुठे दीड-दोन किलोमीटर रुंद आहे, तर कुठे जेमतेम काही शे मीटर. याचं नाव कोत द'ऑर. बर्गंडीच्या ज्या लाल वाइनचं नाव जगभर घेतलं जातं, ती जवळपास सगळी या चिंचोळ्या पट्ट्यात पिकते आणि ती एकाच द्राक्षाची असते, पिनो नुआरची. बोर्दोमध्ये कॅबर्ने सोव्हिन्यों, मेर्लो आणि आणखी एखाद-दोन जाती एकत्र करून वाइन जमवतात. एकीचं पीक कमी पडलं तर दुसरी सावरून घेते. बर्गंडीच्या शेतकऱ्याला ती सोय नाही.

मग प्रश्न पडतो. द्राक्ष एक, उतार एक, पाऊसपाणी एक, पुष्कळदा शेतकरीसुद्धा एकच. तरी त्याच्या तळघरात आठ-दहा निरनिराळ्या नावांची लाल वाइन का असते? आणि त्यातली एक बाटली दुसरीच्या दहापट किमतीला का जाते? बाहेरून पाहणाऱ्याला हा सगळा नावांचा बडेजाव वाटतो. मला तसं वाटत नाही. बर्गंडीत चाखायची असते ती जागा, आणि जागा एकटी चाखता येत नाही. तिच्या शेजारची जागा दुसऱ्या पेल्यात हवी. एकाच पेल्यात कितीही वेळ नाक खुपसून बसलं, तरी ती वाइन चांगली की वाईट एवढंच कळेल. ती कुठली आहे हे कळणार नाही. बर्गंडीची हजार वर्षांची सगळी खटपट, मठांपासून कायद्यांपर्यंत, शेजारशेजारच्या तुकड्यांमधला हा फरक ओळखता यावा आणि टिकावा यासाठी झाली आहे, अशी माझी समजूत आहे. ती का, हे जरा सविस्तर सांगतो.

सुरुवात भिक्षूंपासून करावी लागते. 1098 मध्ये याच भागात सितो इथे एक नवा मठ स्थापन झाला. प्रार्थनेइतकंच अंगमेहनतीला महत्त्व देणारा हा पंथ पुढे सिस्टर्शियन म्हणून ओळखला गेला. बाराव्या शतकात दानात मिळालेल्या जमिनींवर त्यांनी वूजो इथे द्राक्षं लावायला घेतली आणि चौदाव्या शतकापर्यंत त्या मळ्याला दगडी कुंपण घालून पुरं केलं. तो मळा म्हणजे क्लो द वूजो. क्लो म्हणजे कुंपणातला मळा. हे भिक्षू माती जिभेवर ठेवून तिची पारख करत, असं सांगतात. ती दंतकथा असली तरी तिच्या मागे एक खरी गोष्ट आहे. एका माणसाला आयुष्यात तीस-चाळीस सुग्या मिळतात. मठाला शेकडो मिळाल्या. कुठल्या कोपऱ्यात बर्फ आधी वितळतं, कुठे पाणी साचतं, कुठली द्राक्षं आठवडाभर आधी पिकतात, हे ज्ञान एका पिढीकडून दुसरीकडे जात राहिलं. जमीन विकायची नव्हती, वाटण्या व्हायच्या नव्हत्या, घाई कसलीच नव्हती. एवढ्या निवांतपणे जमिनीकडे पाहणं राजालाही जमलं नसतं.

दुसरा टप्पा 1395 चा. बर्गंडीचा ड्यूक, धाडसी फिलिप या नावाने इतिहासात ओळखला जाणारा, याने फर्मान काढलं की गामे जातीच्या वेली उपटून टाका. गामे भरपूर पिकते, लवकर पिकते, फारशी मिजास करत नाही. पिनो नुआर उलट: पीक कमी, साल पातळ, थंडीत कळ्या जळतात, पावसात घड कुजतात. प्लेगच्या साथींनंतर माणसांचा तुटवडा असताना शेतकऱ्याने गामेकडे वळावं यात नवल काहीच नाही. ड्यूकने तिला बेइमान वेल ठरवलं. त्याच्या डोळ्यांसमोर व्यापार आणि आपल्या मुलुखाचं नाव होतं, शेतकऱ्याचं पोट नव्हतं, हे उघड आहे. पण त्याच्या हुकमाचा एक परिणाम त्याच्याही लक्षात आला नसावा. सगळीकडे एकच जात आणायची दिशा ठरली, तेव्हा जातीमुळे पडणारा फरक संपला आणि उरला तो फक्त जमिनीमुळे पडणारा फरक. पुढचं कुठलंही प्रयोगशाळेतलं काम याच तत्त्वावर चालतं: एक सोडून बाकी सगळं सारखं ठेवा, म्हणजे त्या एकाचा गुण दिसेल. हुसकावलेली गामे दक्षिणेला बोजोलेच्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर गेली आणि तिथे चांगली नांदली, हेही जाता जाता सांगायला हवं; वेल बेइमान नव्हती, तिची जागा वेगळी होती.

अशा ओळखून, नाव देऊन, शिवेने वेगळ्या केलेल्या तुकड्याला बर्गंडीत क्लिमा म्हणतात. 2015 मध्ये युनेस्कोने या क्लिमांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं तेव्हा त्यांची संख्या 1247 मोजली होती. मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. आपल्याही शिवारात तुकड्यातुकड्याला नाव असतं, विहिरीचं, चिंचेचं, माळावरचं. कुठल्या रानात ज्वारी चांगली आणि कुठल्यात हरभरा, हे घरातल्या म्हाताऱ्यांना पाठ असतं, आणि वांगं खावं तर कृष्णाकाठचंच असं म्हणणारा माणूस क्लिमाचीच गोष्ट बोलत असतो. वाटण्याही तिथे आपल्यासारख्याच झाल्या. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर मठांच्या जमिनी सरकारने जप्त करून विकल्या, मग नेपोलियनच्या 1804 च्या कायद्याने वारसांना समान वाटा मिळू लागला आणि मळ्यांचे तुकडे पडत गेले. आपल्याकडे तुकडे पडू नयेत म्हणून 1947 मध्ये कायदा करावा लागला, कारण अर्ध्या एकराच्या ज्वारीवर घर चालत नाही. बर्गंडीत अर्ध्या एकरावर घर चाललं, ते तुकड्याच्या नावाला किंमत होती म्हणून.

या नावांची प्रतवारीही झाली. 1855 मध्ये डॉक्टर ज्यूल लाव्हाल यांनी कोत द'ऑरच्या मळ्यांवर पुस्तक लिहून त्यांचे दर्जे लावले, 1861 मध्ये बोन शहराच्या शेतकी समितीने नकाशा केला आणि 1930 च्या दशकात सरकारी कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब झालं. तळाला साधी बर्गंडी, तिच्यावर गावाच्या नावाची वाइन, तिच्यावर प्रमिए क्रू आणि सर्वांत वर ग्रां क्रू. बर्गंडीत ग्रां क्रू 33 आहेत आणि त्यांच्या बाटलीवर गावाचं नावही येत नाही, फक्त तुकड्याचं येतं. गावांनी मात्र उलटा मार्ग धरला. जेव्रे गावाने 1847 मध्ये आपल्या सर्वांत नावाजलेल्या मळ्याचं नाव स्वतःला जोडून घेतलं आणि ते जेव्रे-शांबेर्तां झालं. मग शेजारच्या गावांनीही तेच केलं. त्यामुळे बाटली घेताना शांबेर्तां आणि जेव्रे-शांबेर्तां यांत फसगत होते. पहिला ग्रां क्रू, दुसरी गावची वाइन.

आता फरक पडतो तो कशाने? उतार उभा कापला तर खाली मैदानाकडे खोल, चिकण माती. अगदी वर पातळ माती आणि उघडा पडलेला चुनखडक. मधे दोन्हींचं मिश्रण. ग्रां क्रू बहुतेक या मधल्या पट्ट्यात आहेत. हा चुनखडक ज्युरासिक काळातल्या उथळ समुद्राच्या तळाशी साचला, त्यात शिंपल्यांचे अवशेष सापडतात आणि म्हणून पुष्कळ लोक वाइनमध्ये दगडाची, शिंपल्याची चव लागते असं सांगतात. इथे सावध राहिलेलं बरं. वेल दगड खात नाही. मुळं पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार घेतात आणि वाइनमधले ते क्षार इतके थोडे असतात की जिभेला कळू नयेत. अ‍ॅलेक्स माल्टमन या भूगर्भशास्त्रज्ञाने हे वारंवार आणि पटेल असं मांडलं आहे. मला ते मान्य आहे, आणि त्याने क्लिमाची कल्पना ढासळत नाही, उलट नीट समजते. मधल्या पट्ट्यात पावसाचं जास्तीचं पाणी खडकाच्या भेगांतून निघून जातं, पण मातीतली चिकण थोडी ओल धरून ठेवते. वेल बुडतही नाही आणि तहानेने कोमेजतही नाही. पूर्वेकडे तोंड असल्याने सकाळचं ऊन लवकर मिळतं. दाणे लहान राहतात, हळू पिकतात. दगडाची चव वाइनमध्ये उतरत नाही. दगडाने ठरवलेला पाण्याचा आणि उन्हाचा हिशोब उतरतो. चार पावलांवर खडकाची भेग बंद झाली की हिशोब बदलतो.

जागेच्या या कल्पनेला सर्वांत कठीण प्रश्न पुन्हा क्लो द वूजोच विचारतो. कुंपण एक, नाव एक, दर्जा ग्रां क्रू. पण आतली जमीन सुमारे 50 हेक्टर आणि मालक 80 च्या आसपास. 1889 पर्यंत हा मळा एकाच मालकीचा होता. मग तो विकला गेला आणि तुकडे पडत गेले. वरचा भाग म्युझिन्यी या मळ्याला लागून आहे, तिथे पाणी झरझर उतरतं. खालचा भाग रस्त्याला टेकतो, तिथे माती जड आणि पावसाळी वर्षी चिखल. दोन्हीकडच्या बाटल्यांवर नाव मात्र तेच. भिक्षूंच्या काळी हे सगळं मिसळून वाइन होत असेल तर वरच्याने खालच्याला सांभाळून घेतलं असेल. आज ऐंशी हातांनी ऐंशी तऱ्हेची वाइन होते. कुणी उशिरा तोडतं, कुणी नवी ओकची पिंपं वापरून चव झाकून टाकतं. म्हणून क्लो द वूजो घेताना नावावर विसंबू नये, आधी शेतकरी विचारावा. जागेचं नाव हे वचन आहे, ते पाळणारा माणूस लागतो. ज्याला जागा चाखायची आहे त्याने दोन जागा एकाच माणसाच्या हातच्या घ्याव्यात, हा नियम यातूनच निघतो.

तो नियम पाळून बघू. ग्रां क्रू सोडून द्यावेत. त्यांतल्या रोमाने-कोंतीचा मळा दोन हेक्टरही नाही, आणि तिची बाटली आता पिण्यापेक्षा तिजोरीत ठेवायची वस्तू झाली आहे. त्याऐवजी बोन शहराच्या दक्षिणेला लागून असलेली पोमार आणि वोल्ने ही गावं घ्या. एकातून दुसऱ्यात पायी जाता येतं. दोन्हींत एकही ग्रां क्रू नाही. पोमारच्या मातीत चिकण अधिक आणि काही ठिकाणी लोहाने आलेली लाली. वोल्नेची माती हलकी, चुनखडीची. एकाच उत्पादकाची, एकाच सालची, गावच्या दर्जाची एकेक बाटली.

लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा सल्ला युरोपातल्या थंड घरांसाठी होता. पुण्या-मुंबईच्या खोलीत ती कोमट होते, दारूचा वास पुढे येतो आणि बाकी सगळं मागे पडतं. 15-16 अंश बरे. त्यासाठी बाटली आधी फ्रिजमध्ये ठेवावी. पेला मोठ्या पोटाचा आणि तोंडाशी आत वळलेला. दोन्ही पेल्यांत दोन-दोन बोटं वाइन. छापील पांढऱ्या कागदावर पेला तिरपा धरला तर पलीकडची अक्षरं वाचता येतात, इतका पिनो नुआरचा रंग पातळ. साल पातळ, म्हणून रंग पातळ. गडद रंगाची सवय असलेल्याला इथे वाइन पाणचट वाटते, तो ग्रह आधी बाजूला ठेवायला हवा.

मग वास, प्रथम पेला न हलवता. वोल्नेचा वास लगेच वर येतो, लाल फळांचा, थोडा फुलांचा. पोमार आधी गप्प असते. पेला फिरवला की तिच्यातून अधिक काळी फळं आणि त्याखाली ओल्या मातीसारखं काहीतरी येतं. पुस्तकांत रास्पबेरी, व्हायोलेट असे शब्द असतात. ज्याने रास्पबेरी झुडपावरून तोडून खाल्लेली नाही त्याने तो शब्द उसना घेऊ नये. करवंद, जांभूळ, तुती, कोकम, बकुळ हे आपल्या नाकाला खरेखुरे ठाऊक आहेत आणि ते इथे उपयोगी पडतात. शब्द बरोबर आहे की नाही यापेक्षा दोन्ही पेल्यांना एकच शब्द लागतो की नाही, हे महत्त्वाचं.

घोट घेतल्यावर लगेच गिळू नये. तोंडात थोडी हवा ओढून घ्यावी. चवीचा मोठा भाग घशाच्या मागून नाकात जाणाऱ्या वासाचा असतो आणि हवा त्याला वाट देते. जिभेच्या कडांना पाणी सुटतं ते आम्लतेमुळे, दोन्ही वाइनमध्ये सुटेल. फरक हिरड्यांवर कळतो. पोमार हिरड्यांना धरते, जांभळासारखा तुरटपणा मागे ठेवते. वोल्नेतही तुरटपणा असतो, पण बारीक दळलेला, जिभेखालून निसटून जाणारा. गिळल्यावर चव किती वेळ टिकते ते मोजावं; फ्रेंच चाखणारे यासाठी कोदाली हे एकक वापरतात, एक कोदाली म्हणजे एक सेकंद. मग पेल्यांची अदलाबदल करून पुन्हा. अर्ध्या तासाने पुन्हा, कारण पोमार उशिरा उघडते. सोबत साधा पाव ठेवावा. तिखट रस्सा नको, पिनो नुआरचा आवाज त्यापुढे ऐकू येत नाही. आणि मग पहिल्यांदा असं होतं की पोमार म्हणजे काय हे कळतं, वोल्नेमुळे. नुसती पोमार प्यायलो असतो तर एक चांगली, जराशी राकट लाल वाइन एवढंच मनात राहिलं असतं.

यावर एक हरकत घेतली जाते आणि ती टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. 2001 मध्ये मोरो, ब्रोशे आणि द्युबुर्दिय यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. बोर्दोत वाइनशास्त्र शिकणाऱ्या 54 जणांना पांढऱ्या वाइनमध्ये बिनवासाचा लाल रंग मिसळून दिला, तेव्हा त्यांनी तिच्या वासाचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. यावरून सगळं चाखणं म्हणजे मनाचे खेळ, असा निष्कर्ष पुष्कळांनी काढला. मला त्यातून वेगळंच दिसतं. डोळा नाकाच्या पुढे धावतो आणि वासाला शब्द देताना आपण आधीच ठरवलेल्या यादीतून निवडतो, एवढं त्या प्रयोगाने दाखवलं. तेव्हा वर्णनावर भरवसा कमी ठेवावा, हे खरंच. पण हे दोन पेले एकसारखे आहेत की वेगळे, हा प्रश्न वर्णनाच्या आधीचा आहे आणि त्याची परीक्षा घेता येते. डोळे मिटून, दुसऱ्या कुणाला तीन पेले भरायला सांगावेत, दोन एका वाइनचे, एक दुसरीचा. वेगळा कुठला ते ओळखावं. खाद्यपदार्थांच्या उद्योगात अशी चाचणी रोज होते. ती चुकली तर मान्य करून पुन्हा चाखावं. नावांचा, किमतींचा, लेबलांचा सगळा धूर या एका परीक्षेने निवळतो आणि ती तुलनेनेच घेता येते, हे विशेष.

जागा स्थिर आहे असं आतापर्यंत धरून चाललो. ते पूर्ण खरं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फिलोक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीने फ्रान्सचे मळे उद्ध्वस्त केले; तेव्हापासून पिनो नुआरची कलमं अमेरिकन खुंटावर बांधली जातात. रोमाने-कोंतीत जुन्या, बिनकलमी वेली 1945 पर्यंत तग धरून होत्या, मग त्याही काढाव्या लागल्या. म्हणजे आज बर्गंडीची माती जी काही बोलते ती अमेरिकन मुळांतून. तो बदल तिने पचवला. आताचा बदल अवघड आहे. बोनमध्ये द्राक्षतोडणी कधी सुरू झाली याच्या तारखांची मालिका 1354 पासून जुळवण्यात आली आहे. इतकी जुनी, सलग नोंद फार थोड्या पिकांची असेल. 2019 मध्ये ती प्रसिद्ध झाली तेव्हा दिसलं की 1988 नंतर तोडणी आधीच्या शतकांच्या सरासरीपेक्षा सुमारे 13 दिवस अलीकडे आली आहे. 2003 आणि 2020 मध्ये तर तोडणी ऑगस्टमध्येच सुरू झाली. उष्ण वर्षी साखर वाढते, आम्लता घटते, फळाचा गोडवा मोठ्याने बोलू लागतो आणि पोमार-वोल्नेतलं अंतर कमी होतं. पिनो नुआर थंड, कडेच्या हवामानात हळूहळू पिकली तरच जमिनीचा बारकावा दाखवते. नाशिककडच्या वाइनमध्ये तिच्याऐवजी शिराझ आणि कॅबर्नेच अधिक दिसतात, त्याचं कारणही हेच.

बर्गंडीच्या शेतकऱ्यांची नजर त्यामुळे आता टेकडीच्या वर गेली आहे. माथ्यापलीकडचा ओत-कोत नावाचा उंच भाग, सें-रोमांसारखं डोंगरकपारीतलं गाव, बाजूच्या खोऱ्यांमधले सावलीचे तुकडे, जिथे द्राक्ष नीट पिकतच नसे म्हणून लाव्हालच्या काळी खालचा दर्जा मिळाला होता, तिथे आता बहुतेक वर्षी ते वेळेवर पिकतं आणि आम्लताही राखतं. दर्जे कायद्यात तेच आहेत, किमती अजून त्या दर्जांच्या मागे चालतात, म्हणून या बाटल्या तुलनेने स्वस्त मिळतात. बर्गंडी शिकायला घेणाऱ्याने दोन पेल्यांपैकी एकात यातली एखादी ओतावी, आणि शेजारी त्याच उत्पादकाची खालच्या गावची.